बुरशीची ॲलर्जी आहे, जावळीत मातीचं घर बांधायचंय: भिंत कशाची घ्यावी?

रानजाई
नमस्कार मंडळी. मेढ्याच्या पश्चिमेला, बामणोलीच्या वाटेवर सासऱ्यांची जागा आहे. जुन्या घराचं काळ्या दगडाचं जोतं अजून शाबूत आहे, वरचं सगळं कोसळलंय. तिथं राहायला जायचं हे पक्कं. भांडण चाललंय ते भिंतींवरून.

मला बुरशीची ॲलर्जी आहे. स्किन प्रिक टेस्टमध्ये अस्परजिलस आणि अल्टरनेरिया या दोन्ही बुरशींना गांधी उठल्या. दमा सौम्य, पण जुलै-ऑगस्टमध्ये पंप जवळ लागतोच. सध्या साताऱ्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिथं उत्तरेच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात उघडलं की शिंकांची माळ लागते. म्हणजे सिमेंटच्या घरात बुरशी येत नाही, हा मुद्दा कृपया कुणी मांडू नये.

नवरा म्हणतो सरळ आरसीसी करू. मला माती, चुना, लाकूड हवंय. दीर बांधकामाची कामं घेतात. ते म्हणतात, "वहिनी, मातीला बुरा धरणारच, मग तुमची शिंक आणि आमची बदनामी." तर जांभा, भेंड्या (कच्च्या मातीच्या विटा), दाबविटा (यंत्रात दाबून केलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटा), कुडाची भिंत, चुन्याचा गिलावा, बांबूचं छत यातलं मला काय चालेल आणि काय अजिबात नको? भरपूर पावसाच्या भागात बांधलेल्यांचे अनुभव आधी वाचायला आवडतील. "नैसर्गिक म्हणजे चांगलंच" एवढंच म्हणायचं असेल तर तो धागा वेगळा काढा.

माणदेशी
ताई, आमचं आटपाडी तालुक्यात जुनं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. पांढऱ्या मातीच्या भेंड्या, वर कडीपाट, त्यावर पांढरीची माती. आजोबांच्या वेळेपासून बुरशी नावाला बघितली नाही. बिनधास्त माती करा.

ओळंबा
माणदेशी, तुमच्याकडं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या वर पडतो, आणि ताईंची जागा त्याच डोंगराच्या कुशीत आहे. माळवद तिथं पहिल्याच आषाढात खाली बसेल. एकाच मातीच्या भिंतीचं वागणं या दोन गावांत सारखं राहणार नाही.

रानजाईताई, मी कऱ्हाडचा. सिव्हिलवाला आहे आणि गेली काही वर्षं माती-चुन्याचीच कामं करतो. जरा लांब लिहितो.

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. ते घरात येऊ न देणं कुणालाच जमत नाही. त्यांना रुजायला खाणं आणि पाणी लागतं. भिंतीच्या पृष्ठभागाजवळची सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी जम धरते. खोलीच्या मधोमध आर्द्रतेचा मीटर ७० दाखवत असेल आणि भिंत गार असेल, तर भिंतीच्या अंगाला तीच हवा ८५ वर गेलेली असते. तुमच्या कपाटामागं हेच होतंय. उत्तरेची भिंत गार, कपाट टेकलेलं, मागं हवा हलत नाही.

आता खाणं. शुद्ध चुना, वाळू, दगड, भाजलेली वीट, गाळलेली माती यात बुरशीला खाण्यासारखं जवळजवळ काही नसतं. कागद, प्लायवूड, एमडीएफ, कागद चिकटवलेला जिप्सम बोर्ड, गवत, भुसा, शेण, खळ आणि डिंक घातलेला रंग यात भरपूर असतं. त्यामुळे "नैसर्गिक की सिमेंट" अशी वाटणी तुम्हाला उपयोगाची नाही. शेण-गवताची भिंत नैसर्गिक आहे आणि तुम्हाला वाईट आहे. चुन्याचा गिलावा नैसर्गिक आहे आणि चांगला आहे. माझ्या मते खाण्यापेक्षाही पाण्याचा हिशेब आधी करा, कारण भिंतीवर साचणारी धूळसुद्धा बुरशीला खायला पुरते.

भिंतीत पाणी चार वाटांनी येतं. जमिनीतून वर चढतं, पावसाच्या झोडीनं बाहेरून येतं, छतातून ठिबकतं आणि घरातल्या वाफेतून येतं. पहिल्या तिन्ही वाटा बांधतानाच बंद करायच्या. चौथी रोज सांभाळायची.

जोतं दगडी आहे हे फार चांगलं. पण दगडांच्या सांध्यात चिखल असेल तर ओल त्या सांध्यांतून चढते. वरचे दोन थर उतरवून चुना-सुरखीत (सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड) पुन्हा बसवा. त्यावर ओल रोखणारा थर, म्हणजे डीपीसी, घातल्याशिवाय मातीचा एकही थर चढवू नका. जोतं जमिनीपासून किमान दोन फूट वर हवं, तुमच्याकडं तीन फूट म्हणेन. वळचण तीन फूट बाहेर काढा. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला नुसती वळचण पुरत नाही, तिथं पडवीच हवी.

जोतिबाचा_नातू
ओळंबासाहेब म्हणाले ते बरोबर. आमचे वडील गवंडी, मी पण तेच करतो. पश्चिमेची भिंत उघडी सोडायचीच न्हाय. महाबळेश्वरला पावसाळ्याच्या आधी घराला गवताच्या झड्या बांधायचे, आता प्लास्टिक न् पत्रं लावत्यात. ती काय शोभा नव्हं. भिंत भिजली की चार महिनं वाळत न्हाय म्हणून.

चाफेकळी
जांभ्याबद्दल कुणी बोललंच नाही! कोकणात सगळी घरं जांभ्याची. पाटणला आमच्या मामांनी कुंभार्ली घाटातून चिरे आणून उघड्या जांभ्याचं घर बांधलं. दिसायला इतकं देखणं!

ओळंबा
देखणं असतं, वाद नाही. पण जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी भरपूर पितो. पडवीच्या आत किंवा खोल वळचणीखाली उत्तम. पश्चिमेला उघडा ठेवला तर श्रावणात त्यावर हिरवं शेवाळ धरतं आणि ओल आतल्या अंगाला येते. मग लोक आतून सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारतात. ओल बाहेरून शिरतेच आणि आत अडकून बसते, पेंटला फोड येतात, फोडामागं काळी बुरशी. मामांच्या घराच्या पश्चिमेच्या खोलीत आतून हात लावून बघा आणि इथं सांगा.

जांभा घ्यायचाच असेल तर दोन चिऱ्यांच्या मध्ये पोकळी ठेवून दुहेरी भिंत करा. पैसे जास्त लागतात.

चाफेकळी
मामांना फोन केला. त्या खोलीत "फक्त धान्य ठेवतो" म्हणाले. 😐

स्टेथो
मी छातीचा डॉक्टर, सांगलीत. बांधकामातलं कळत नाही, पण पेशंटच्या बाजूनं थोडं.

पहिलं, मेलेली बुरशीही ॲलर्जी करते. ब्लीच मारून डाग पांढरा झाला म्हणून काम संपत नाही. ती पुसून, खरवडून घराबाहेर न्यावी लागते. तेही ओल्या फडक्यानं, एन-९५ मास्क लावून, आणि ज्याला ॲलर्जी आहे त्यानं ते काम करू नये. कोरड्या ब्रशनं घासलं की सगळे बीजाणू खोलीभर.

दुसरं, रानजाईताईंना दोन बुरशींची ॲलर्जी आहे आणि दोघींचं राहणं वेगळं. अल्टरनेरिया मुख्यतः बाहेरची. पिकांवर, वाळक्या पानांवर असते, सुगीत मळणीच्या वेळी हवेत खूप वाढते. भिंत सोन्याची केली तरी ती खिडकीतून येणार. अस्परजिलस ओल्या घरात, साठवलेल्या धान्यात, कुजणाऱ्या पाल्यात. घराच्या बांधणीनं फरक पडेल तो मुख्यतः हिच्यात. दमा असलेल्यांमध्ये अस्परजिलसच्या ॲलर्जीमुळं फुप्फुसाचा एबीपीए नावाचा आजार होऊ शकतो. आपल्या देशात तो कमी नाही. दमा औषधांना दाद देईनासा झाला, किंवा खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडायला लागल्या, तर रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिद्रव्य) आणि अस्परजिलसचं विशिष्ट आयजीई तपासून घ्या.

तिसरं, आपल्या पट्ट्यासाठी खास. उसाची चिपाडं, पाचट, बगॅस वापरून भिंतीचे बोर्ड किंवा चिखलात भर घालायची कल्पना हल्ली ऐकू येते. ओलसर साठवलेल्या बगॅसच्या धुळीनं फुप्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस म्हणतात. तो बुरशीमुळं नव्हे, उष्णतेत वाढणाऱ्या एका प्रकारच्या जिवाणूंमुळं होतो. पण ज्याची छाती आधीच नाजूक आहे त्यानं त्या ढिगाजवळ जाऊ नये. कारखान्यात कोरडा करून, दाबून बनवलेला बोर्ड वेगळा. तरी तोही ओल लागली की बुरशीचं खाद्यच.

रानजाई
डॉक्टर, हे फार कामाचं. अल्टरनेरिया बाहेरची असते हे मला आजवर कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. म्हणजे जागेच्या खालच्या अंगाला भातखाचरं आहेत, तिकडं झोपायच्या खोलीची खिडकी नको.

स्टेथो
खिडकी हवी, पण झोडणी-मळणीच्या दिवसांत बंद ठेवता येईल अशी. आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक.

गोमय_प्रेमी
इतकी चर्चा झाली पण शेणाच्या सारवणाचं कुणी नाव काढलं नाही. शेण जंतुनाशक आहे असं आपले पूर्वज मानायचे. आता तर २०२१ पासून खादी ग्रामोद्योगाचा शेणापासूनचा प्राकृतिक पेंटसुद्धा मिळतो. भिंती-जमीन सारवा, ॲलर्जी पळून जाईल.

ओळंबा
सारवणाचा गुण आहे. माती धरून ठेवतं, भेगा कमी पडतात, धूळ उडत नाही. पण ते आठवड्याला नव्यानं घालायची पद्धत होती, आणि उन्हात कडक वाळायचं. जावळीत आषाढात सारवलेली जमीन वाळतच नाही. ओलं शेण आणि कोंदट खोली असली की पांढरी लव येणार. पेंटची गोष्ट वेगळी, तो प्रक्रिया केलेला माल आहे. ओल्या भिंतीवर मात्र कुठलाच पेंट उपयोगाचा नाही.

स्टेथो
"पळून जाईल" असं ॲलर्जीबद्दल कुणीही लिहू नये अशी विनंती. उद्या कुणी औषध बंद करेल.

गोमय_प्रेमी
तुम्हा लोकांना आपलं काही चांगलं दिसतच नाही.

जोतिबाचा_नातू
दादा, आमच्या घरात अजून सारवत्यात. गोठ्याला न् सोप्याला. पण ज्याला धाप लागती त्याच्या खोलीत पावसाळ्यात सारवू नगा एवढंच म्हणत्यात ते. त्यात अपमान कसला?

कृष्णाकाठ
मी सांगलीच्या जुन्या गावठाणात राहते. आमच्याकडं प्रश्न पावसाचा नाही, नदीचा. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून वाढत गेलं की आमच्या गल्लीत येतं. २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळा तळमजल्यात आलं. त्यामुळे कुठली भिंत भिजल्यावर कशी वागते याची परीक्षा आमच्याकडं फुकट झालीय.

घराचा मागचा भाग जुना, जाड विटा चुन्यात बांधलेल्या, चुन्याचाच गिलावा. पुढचा भाग नंतर वाढवलेला, सिमेंटचा गिलावा, पुट्टी, वर चकचकीत पेंट, आत पीओपीचं छत आणि प्लायचं फर्निचर. पूर उतरल्यावर मागच्या भिंती महिनाभर घाम गाळत होत्या, दिवाळीपर्यंत कोरड्या झाल्या. वर चुन्याचे दोन हात मारले, विषय संपला. पुढच्या खोलीत पेंटखाली पाणी अडकलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात सगळा गिलावा खरवडून काढेपर्यंत तिथला कुबट वास गेला नाही. प्लायवूड तर रस्त्यावरच टाकलं, अख्ख्या गल्लीनं टाकलं. शेजारच्या बोळातल्या भेंड्यांच्या भिंती मात्र पाण्यात विरघळल्या. मातीचं कौतुक करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. पाण्यात उभी राहिलेली कच्ची माती वाचत नाही.

आमच्या जवळच हरिपूर आहे. तिथं हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायचे, वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही न् बुरशी नाही. तिथली मातीच तशी. आणि २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं तेव्हा तीच पेवं हळदीसकट गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर बरीच पेवं मोडीत निघाली होती. विषयांतर झालं, पण मला तरी मातीबद्दल यापेक्षा नेमकं उदाहरण माहीत नाही.

मिरजमळा
कृष्णाकाठताई, आमच्या मळ्यातल्या घरात पूर कधी आला नाही, तरी भिंतीला खालच्या दोन फुटांत पांढरा कापूस फुटतो. बायको म्हणते बुरशी, मी म्हणतो लोणा. तिला शिंका येतात म्हणून विचारतोय.

ओळंबा
त्या पांढऱ्यावर थोडं पाणी शिंपडा. विरघळून दिसेनासं झालं तर लोणा, म्हणजे क्षार. तसंच चिकट राहिलं, काळं-हिरवं पडलं, वास आला तर बुरशी. मिरज-सांगलीच्या बागायती पट्ट्यात जादा पाण्यानं जमिनी खारवट झाल्यात. तेच क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात आणि पाणी उडालं की पृष्ठभागावर फुलतात. लोण्यानं ॲलर्जी होत नाही, पण लोणा आला म्हणजे ओल चढतेय. दोन फुटांच्या वरच्या पट्ट्यात, क्षार संपतात तिथं, बुरशी असू शकते. बॅटरी भिंतीला तिरपी धरून बघा. लोण्यावर सिमेंट थापू नका, ओल आणखी वर चढेल. गिलावा काढा, चुन्याचा करा, आणि तो काही वर्षांनी बदलायचाच आहे असं धरून चाला. क्षार तो पितो, भिंत वाचते.

मिरजमळा
शिंपडलं. विरघळलं. बायकोला सांगणार नाही.

रानजाई
😄 सांगा हो.

आता चुन्याबद्दल. नातूदादा, तुम्ही चुन्यात गूळ आणि हिरडा घालता ना? मग ते बुरशीचं खाणं झालं की. मला गुळाच्या भिंतीत झोपायची भीती वाटतेय.

जोतिबाचा_नातू
घालतो की. कळीचा चुना आणायचा, हौदात विरघळवायचा, पंधरा दिवस तरी पाण्याखाली ठेवायचा, जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. हिरडा आपल्या जावळी-पाटणच्या रानातलाच, कुटून भिजवायचा, गूळ त्यात टाकायचा, आंबू द्यायचं. ते पाणी गाळून चुन्यात. वाळू, सुरखी, मग घाणीत, म्हंजे चुना मळायच्या दगडी घाण्यात मळायचं. आता घाणी कुठं राहिलीय, मिक्सरच. गुळानं चुना हाताला सुटतो, पाणी धरून ठेवतो, भेगा पडत न्हाईत. पण वैनी, प्रमाण लई थोडं असतं. वडील म्हणायचे, गूळ जास्त पडला तर मुंग्या सांगतील.

ओळंबा
ताई, भीती रास्त आहे. ताज्या चुन्याचा पीएच, म्हणजे अल्कलीपणाचा आकडा, बाराच्या वर असतो, त्यात बुरशी जगत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत चुना पुन्हा चुनखडी होतो, ढोबळमानानं महिन्याला एखादा मिलिमीटर. तसतसा पृष्ठभागाचा पीएच साडेआठ-नऊपर्यंत उतरतो. म्हणजे "चुना कायमचा बुरशी मारतो" हे खरं नाही. पहिले काही महिने तो मारतो. पुढं त्याचा उपयोग एवढाच की तो ओल अडकवत नाही आणि खायला देत नाही. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी चुन्याचा एक हात द्यायची जुनी रीत तुमच्यासाठी औषधासारखी आहे. त्यात डिंक घालू नका. हाताला थोडं पांढरं लागेल, लागू दे.

गूळ-हिरडा बाहेरच्या गिलाव्यात वापरा. तुमच्या झोपायच्या खोलीत आतून नुसता मुरवलेला चुना, धुतलेली नदीची वाळू आणि सुरखी, बस. भेगांची काळजी घ्यायला नातू आहेत.

जोतिबाचा_नातू
बिनगुळाचं करीन की. पण काम दिवाळीनंतर धरा. भर पावसात चुना पकडत न्हाय, आणि भर उन्हात नुसता सोडला तर भुगा होतो, गोणपाट भिजवून झाकावं लागतं.

माणदेशी
मग मातीच्या भिंतीचं काय ठरलं? ताईंना तीच हवी होती ना.

ओळंबा
आतल्या भिंती मातीच्या कराव्यात असंच मी सांगेन. माती हवेतली वाफ पटकन शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडून देते, या बाबतीत ती सिमेंट आणि चुन्याच्याही पुढं आहे. आंघोळीनंतर, स्वयंपाकाच्या वेळी आर्द्रतेचा जो झटका येतो तो मातीची भिंत गिळते. पण हे काही तासांच्या झटक्यापुरतं. सलग दोन महिने बाहेर ९५ टक्के दमट असेल तर मातीही भरते, आणि तिच्याकडं आणखी वाफ घ्यायला जागा उरत नाही.

बाहेरच्या भिंतींना दाबविटा, पाच ते आठ टक्के सिमेंट किंवा चुना घातलेल्या. आतल्या भिंतींना नुसत्या मातीच्या भेंड्या. चिखलात भुसा-गवत घालू नका. मातीचा गिलावा हळू वाळला की त्यातल्या गवतावर बुरशी येते, हे मी कामावर पुष्कळदा बघितलंय. वाळूचं प्रमाण वाढवून भेगा सांभाळता येतात. मार्च-एप्रिलात गिलावा करा आणि खिडक्या उघड्या ठेवून वाळू द्या.

चाफेकळी
बांबूचं छत? कारवीचा कूड? मला वाटतं त्याशिवाय मजाच नाही.

ओळंबा
बांबूत पिष्ट असतं, म्हणून घुणाला आणि बुरशीला तो आवडतो. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स एकास दीड प्रमाणात, पाण्यात मुरवून घेतला तर घूण आणि कुजणं थांबतं. पण वरवरची बुरशी त्यानंही पूर्ण थांबत नाही, आणि पावसात भिजला तर बोरॅक्स धुऊन जातो. पहिल्या पावसाळ्यात नवीन बांबूवर करडी पूड येतेच, पुसावी लागते. पडवीला खुशाल वापरा. झोपायच्या डोक्यावर नको. तिथं जुन्या वाड्यातलं सागवान मिळालं तर घ्या, लाकडाचा नारच, बाहेरचा पांढरा भाग नको. कुडाची भिंत म्हणजे काड्या, शेण आणि माती, त्यातल्या काड्या आणि शेण तुम्हाला नको असलेल्याच गोष्टी.

छत मंगलोरी कौलांचं, कौलांखाली हवा खेळती ठेवून खाली लाकडी किंवा सिमेंट बोर्डाचं अस्तर. थर्माकोल-पीओपी नको.

रानजाई
मीटर आणला, छोटा डिजिटल, काही शे रुपयांचा. गावात चुलत सासऱ्यांच्या दोन्ही घरांत ठेवून बघितला. जुन्या मातीच्या घरात चूल पेटते त्या खोलीत आकडा सत्तरीच्या आतबाहेर. त्यांच्याच नव्या स्लॅबच्या घरात, गॅस, खिडक्या बंद, नव्वदीच्या खाली उतरेना. दीर गप्प झाले. पण मला वाटतं हे मातीमुळं नाही, चुलीमुळं आहे. बरोबर ना?

ओळंबा
अगदी बरोबर. लोक जुन्या घराचं श्रेय भिंतीला देतात. २२ अंशांवरची ९५ टक्के दमट हवा पाणी न काढता नुसती २७ अंशांपर्यंत तापवली तरी आर्द्रता ७० च्या आसपास येते. चूल दिवसभर तेच करायची. चूल गेली, भिंत तीच राहिली, आणि लोक म्हणायला लागले मातीला बुरशी येते. जुलैत "खिडक्या उघडा, हवा खेळू द्या" या सल्ल्यानंही अशीच फसगत होते. बाहेरची हवा दमटच असते, तिनं घर वाळत नाही. खिडक्या उघडायच्या त्या ऊन पडेल त्या तासांत.

स्टेथो
चूल पेटवू नका हं. दम्यात धूर बुरशीइतकाच वाईट.

ओळंबा
नाही, नाही. झोपायच्या खोलीला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र घ्या. कॉम्प्रेसरवाला. ते छोटे, मोबाईलच्या चार्जरवर चालणारे डबे शोभेचे असतात. खोली बंद करून चालवायचा, आकडा ६० च्या खाली. सुरुवातीचे दिवस मातीच्या भिंतीत साठलेलं पाणीही तो ओढेल, म्हणून टाकी पटापट भरेल. घाबरू नका. वीज जाते त्या भागात, तेव्हा त्याच एका खोलीची दारं घट्ट बसणारी करा, सगळं घर नको.

कृष्णाकाठ
जमिनीचं विचारायचं राहिलं. शहाबादी फरशीला पावसाळ्यात घाम येतो आमच्याकडं. खाली चटई टाकली की चटईखाली काळं.

ओळंबा
दगड जमिनीसारखा गार राहतो, दमट हवा त्याला लागली की पाणी सुटतं. खाली कोरड्या खडीचा नऊ इंचांचा थर, त्यावर प्लास्टिक कागद, मग फरशी केली तर घाम कमी होतो, जात नाही. रानजाईताईंना चुना-सुरखीची घोटलेली जमीन सुचवेन. चटई, गालिचा, जाजम पावसाळ्यात गुंडाळून माळ्यावर नको, विकून टाका.

रानजाई
नवऱ्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. तडजोड अशी झालीय: जोतं आणि खांब त्याच्या पद्धतीनं, भिंती माझ्या. नैर्ऋत्येला पडवी, बाहेर दाबविटा, आत भेंड्या, झोपायच्या खोलीत बिनगुळाचा चुना, वर कौलं. दिरांनी एकच अट घातलीय, अक्षय्यतृतीयेला वास्तुशांत करून लगेच राहायला जायचं.

ओळंबा
वास्तुशांत करा, राहायला जाऊ नका. नव्या भिंतीत बांधकामाचंच पाणी भरलेलं असतं. दिवाळीनंतर काम धरलं तर मेपर्यंत वरवर कोरडी दिसेल, आतून नसेल. पहिला पावसाळा घर रिकामं ठेवा, अधूनमधून जाऊन मीटर बघा, कुठं ओल येते ते खडूनं भिंतीवर मांडून ठेवा. ऑक्टोबरात दुरुस्ती, मग सामान.

जोतिबाचा_नातू
दिरांना माझ्याशी बोलाय सांगा. मी समजावतो.

रानजाई
सांगते. आणि कपाट? लाकडी कपाट कुठल्या भिंतीला लावू?

ओळंबा
बाहेरच्या कुठल्याच भिंतीला नाही. दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीला, चार बोटं अंतर सोडून, खाली पाय असलेलं, मागं प्लाय नसलेलं. शक्य असेल तर दारं जाळीची. पावसाळ्यात न लागणारे कपडे आणि गाद्या त्यात ठेवूच नका, साताऱ्यात कुणाकडं तरी द्या.